एम.ए. कोठून केले?

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी आलेल्या विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : एम.ए. कोठून केले? प्रश्न साधा वाटतो. पण अनेकदा उत्तर ऐकताच त्याच्याविषयीचे निम्मे मत बनलेले असते. गारखेड्यात राहून आम्ही ज्या विद्यापीठाशी जोडलेलो आहोत, त्याला ज्यांचे नाव आहे त्यांचाच शैक्षणिक प्रवास या प्रश्नाच्या संदर्भात पाहण्यासारखा आहे.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. कोलंबियातील त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले होते. तरीही लंडनच्या पायऱ्या त्यांना एकेक करूनच चढाव्या लागल्या. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ साली मिळाली. नामांकित संस्थेने त्यांना ओळख दिली, अभ्यासातून सूट दिली नाही. ही ओळखसुद्धा इमारतीची नव्हती. एका अध्यापकाने दुसऱ्या अध्यापकाला दिलेला तो शब्द होता.

मराठवाड्यात हा शब्द देणारे कोण होते? १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. नामांतराच्या दीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. दरम्यान एम.ए.चे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. पदवीपत्रावर नाव एकच. पण 'विद्यापीठाच्या विभागातून की महाविद्यालयातून?' अशी नवी उतरंड तयार झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षेवर भर दिला. उत्तरपत्रिकेला गाव नसते, हा तिचा मोठा गुण. २०२२ च्या नियमांनुसार प्रवेश परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भारांश आहे. या तीस टक्क्यांत जुना प्रश्न परत येऊ शकतो.

मार्गदर्शकाची अडचण आम्ही जाणतो. अनेक वर्षांची जबाबदारी घ्यायची, तर काही खात्री हवी. संस्थेचे नाव ती स्वस्तात देते. पण आडगावच्या महाविद्यालयात अपुऱ्या ग्रंथालयावर एम.ए. केलेल्या मुलाने तेवढ्याच ग्रंथांतून काय मिळवले, हे त्या नावातून कळत नाही. त्यासाठी त्याचा संशोधन-आराखडा आधी वाचावा लागतो. आणि सेलिग्मन यांनी जे केले ते करण्यास कोलंबियाच लागते असे नाही. आपल्या विद्यार्थ्याचे लेखन नीट वाचून त्याच्याविषयी दोन जबाबदार परिच्छेद लिहिणे, हे एम.ए. शिकवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. असे किती परिच्छेद आपण आजवर लिहिले?