हाजिरजामीन ते कफील: पाहुण्याची हमी कोणाच्या गळ्यात?

गारखेड्यातून आपल्या इतिहासाच्या गप्पांचा हा नवा भाग. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं पडतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

आजचा प्रश्न साधा आहे. परदेशातून कोणी थोड्या दिवसांसाठी आलं आणि मुदत संपल्यावर गेलंच नाही, तर जबाबदार कोण? सरकारांनी यावर वेळोवेळी एकच तोडगा काढलाय: स्थानिक माणसाला जामीन घ्या. पाहुणा गेला नाही तर त्याला धरा. ऐकायला एकदम चोख वाटतं. आता इतिहासात हे कसं चाललं ते पाहू.

आपल्या जुन्या मराठी व्यवहारात जामिनाचे प्रकार होते. मालजामीन म्हणजे पैशाची हमी. फैलजामीन म्हणजे चांगल्या वागणुकीची हमी. आणि हाजिरजामीन म्हणजे, "हा माणूस बोलवाल तेव्हा हजर करीन" ही हमी. या शब्दांतले हाजिर, माल, जामीन हे सगळे मूळ अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे रुळलेले. अरबीत याच हमीला 'कफाला' म्हणतात आणि इस्लामी कायद्यातही तिचे हेच प्रकार आहेत: मालाची कफाला वेगळी, माणसाच्या हजेरीची वेगळी. आपल्या शहरातल्या उर्दूत 'कफालत' म्हणजे एखाद्याचा सांभाळ करणं. म्हणजे मूळ शब्दात माया आहे. जामीन राहणारा ज्याच्यासाठी उभा राहतो, त्याला तो ओळखतो. गाव एक, नाहीतर नातं, नाहीतर धंदा एक. ही ओळख हाच या हमीचा पाया.

आता आखातात जाऊ. १९२०च्या दशकातलं बहरीन. तेल अजून सापडायचंय, ते १९३२ साली सापडलं. तोवर सगळा पैसा मोत्यांचा. उन्हाळ्यात बुडी मारणारे पाणबुडे बाहेरून यायचे, हंगामापुरते. कारभारावर वजन इंग्रजांचं. आखातातली त्यांची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. बाजारात चलन आपला रुपया. म्हणजे ही गोष्ट आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

प्रश्न पडला की हंगाम संपल्यावर हे बाहेरचे लोक परत जातील कशावरून? इतक्या माणसांवर लक्ष ठेवायला पोलीस कुठून आणणार? मग जबाबदारी टाकली बोटीच्या मालकावर, 'नाखुदा'वर. आपल्या कोकणातला 'नाखवा' तो हाच शब्द. ज्याने पाणबुड्या आणला, त्यानेच त्याला परत धाडायचं. आधुनिक कफाला पद्धतीचं एक मूळ अभ्यासक इथे दाखवतात. ती फक्त वाळवंटातली जुनी रूढी नव्हती; कमी खर्चात कारभार चालवण्याची वसाहती युक्ती तिच्यात मिसळली होती.

मेख इथेच आहे. नाखुदा हा पाणबुड्याचा जामीन होता आणि सावकारही. पाणबुडे आगाऊ उचल घेऊन त्याच्या कर्जात अडकलेले असत. आता ज्याच्या हातात तुमची उचल, त्याच्याच हातात तुमचं राहणं-जाणंही आलं. हमी होती सरकारसाठी, पण वचक बसला पाहुण्यावर.

तेल आलं, नाखुद्याच्या जागी 'कफील' आला. १९७०च्या दशकापासून कोकणातून, मराठवाड्यातून, हैदराबादेतून माणसं आखातात जाऊ लागली, ती कफीलच्या नावावर. पुढे या नावाचाच बाजार झाला. कफील व्हिसा विकणार, माणूस दुसरीकडेच काम करणार. याला लोक 'आझाद व्हिसा' म्हणतात. नाव आझाद, पण कागदावर तुम्ही त्याचेच. बिनसलं की कफीलने 'हुरूब', म्हणजे पळाल्याची तक्रार केली, की कालपर्यंत कायदेशीर असलेला माणूस आज बेकायदा. पासपोर्ट बऱ्याचदा त्याच्याच कपाटात. मग परतायचं तरी कसं?

म्हणजे मुदतीबाहेर राहणं थांबवायला आणलेली पद्धत मुदतीबाहेर राहणारे तयार करू लागली. संयुक्त अरब अमिरातीला १९९६, २००७, २०१८, २०२४ अशी पुन्हा पुन्हा माफीची मुदत द्यावी लागली. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवानगीची अट काढली, सौदीने २०२१ मध्ये नियम सैल केले. रोग जामिनाच्या रचनेतच होता, हे एका अर्थी मान्य झालं.

मग आपल्याकडे काय? पाकिस्तानातून नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांसाठी इथल्या माणसाचं हमीपत्र लागायचं, तेही अधिकाऱ्याने साक्षांकित केलेलं. व्हिसा ठरावीक शहरांपुरता, शिवाय पोलिसांकडे नोंद. १९४८ नंतर हैदराबाद संस्थानातून बरीच कुटुंबं तिकडे गेली, त्यामुळे मराठवाड्यात हा कागद अनेक घरांनी पाहिलाय. इथे जामीन कोण? सख्खा भाऊ, मामा, आत्या. हमी विकत घेतलेली नाही, नात्यातली आहे. जुन्या हाजिरजामिनाशी याचं जवळचं नातं.

पण त्यालाही मर्यादा आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा २७ तारखेपासून रद्द झाले. त्या दिवशी कोणाच्या भावाची हमी किती जुनी, किती प्रामाणिक, हे कोणी विचारलं नाही. जामीन सरकारला बांधलेला असतो, सरकार जामिनाला नाही.

श्रीमंत देशांनी माणसाऐवजी पैसाच जामीन घेतला. ब्रिटनने २०१३ मध्ये भारतासह सहा देशांतल्या काही पाहुण्यांकडून ३,००० पौंड अनामत घ्यायचा बेत जाहीर केला. ओरड झाली, त्याच वर्षी बेत गुंडाळला. ऑस्ट्रेलियात मुलाकडे जाणाऱ्या आईबापांसाठी मुलाकडून ५,००० ते १५,००० डॉलर मागता येतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये काही देशांसाठी असाच प्रयोग सुरू केला. पैशाची अनामत कोणाचा पासपोर्ट कपाटात ठेवत नाही, हे बरं. पण ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्या आईने नातवंडाचं तोंड पाहायचंच नाही का?

२०२५ मध्ये १ सप्टेंबरला आपल्याकडचा नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९४६ चा जुना कायदा गेला. परदेशी माणूस मुक्कामाला आला की राहण्याची सोय करणाऱ्याने, विद्यापीठाने, इस्पितळाने कळवायचं. आपल्या शहरात विद्यापीठ आहे, परदेशी विद्यार्थी आहेत, घर भाड्याने देणारेही आहेत. तेव्हा हा फरक लक्षात ठेवा: कळवणं ही नोंद आहे, जामीन नाही. नोंद सरकारला माहिती देते आणि माणूस मोकळा राहतो. जामीन मात्र एका माणसाला दुसऱ्याच्या हवाली करतो. मोती काढणाऱ्या पाणबुड्यापासून आझाद व्हिसावाल्यापर्यंत, जिथे ओळख संपली आणि हमी विकाऊ झाली, तिथे पाहुणा आधी अडकला आणि मग बेकायदा ठरला.

म्हणून कोणी तुमच्याकडे हमीपत्रावर सही मागितली, तर दोन गोष्टी विचारा. मी या माणसाला ओळखतो का? आणि या सहीने त्याच्यावर माझा किती ताबा येतोय? दुसऱ्याचं उत्तर 'फार' असेल, तर तो कागद पाहुण्याच्या भल्याचा नाही.

भेटूया पुढच्या भागात.