गेरमधील आतिथ्यशिष्टाचार
मंगोलियातील पशुपालक भटक्या कुटुंबांच्या, लाकडी सांगाड्यावर लोकरीचा नमदा आच्छादून उभारलेल्या वर्तुळाकार तंबूस ‘गेर’ म्हणतात. त्याचे दार ठोठावण्याचा रिवाज नसून, काही अंतरावरूनच ‘नोखोई खोर’, म्हणजे ‘कुत्रा आवरा’, अशी हाक देऊन वर्दी द्यावयाची असते. आणि ज्या मुलखात कुत्रा हाच चौकीदार, तेथे ही हाक निव्वळ औपचारिक नव्हे, हे सुज्ञास सांगणे न लगे. उंबरठ्यावर पाय देणे अशुभ. दक्षिणाभिमुख दारातून आत आल्यावर पाहुण्याने डावीकडे, म्हणजे पश्चिमेस बसावे. पूर्वेची बाजू स्वयंपाकाची व स्त्रियांची, तर उत्तरेकडील ‘खोइमोर’ हे देवघराचे आणि वडीलधाऱ्यांचे मानाचे स्थान होय. चुलीत कचरा टाकणे वा मधल्या दोन खांबांमधून जाणे निषिद्ध. मीठ घातलेला दुधाचा चहा किंवा घोडीच्या आंबविलेल्या दुधाचे ‘ऐराग’ पुढे आले, की डाव्या हाताचा आधार उजव्या कोपरास देऊन ते उजव्या हाताने स्वीकारावे, आणि रुचले नाही तरी ओठांस लावावे, कारण साफ नकार हा यजमानाचा उपमर्द ठरतो. तपकिरीची कुपी पुढे केली असता, व्यसन नसणाऱ्यानेही ती केवळ हुंगून अदबीने परत करावयाची असते.