नव्व्याण्णवांचं काय?

परवाच्या वीकांताला गावी गेलो होतो. गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडं. कांदा निघालेल्या रानात काकांनी मेंढ्या बसवल्या होत्या. शहरी मंडळींसाठी सांगतो: धनगर आपला कळप रात्री तुमच्या शेतात बसवतो, रानाला लेंडीखत मिळतं आणि त्या बदल्यात तुम्ही त्याला धान्य किंवा पैसे देता. अंधार पडायच्या आत वाघर लावून मेंढ्या आत घेतल्या. मग मी वाड्यातल्या म्हाताऱ्या बाबांजवळ जाऊन बसलो आणि डोक्यात घोळत असलेला प्रश्न विचारून टाकला.

"बाबा, शंभर मेंढरं आहेत. एक हरवलं. बाकीची नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्यामागं जाल का?"

बाबांनी आधी मला नीट न्याहाळलं. "आन् बिबट्या?"

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न पहिला येणारच. इथल्या उसात बिबट्याची पिढ्यान् पिढ्या वस्ती झाली आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. मग बाबा म्हणाले, "जायाचं तर खरं. पर हितं घरची माणसं हायेत, कुत्री हायेत, त्येंच्या जिवावर. मोकळ्या रानात सोडून कोन जातंय? एक आनाया जायाचं आन् धा घालवून बसायचं!"

प्रश्न माझा नव्हताच. लूकच्या शुभवर्तमानातल्या 15 व्या अध्यायात येशू तो विचारतो, तोही असा की उत्तर जणू ठरलेलंच आहे: तुमच्यातला कोण जाणार नाही? मराठी बायबलमध्ये अशा गोष्टीला 'दाखला' म्हणतात. आपल्याला दाखला म्हटलं की तहसील कचेरी आठवते, पण हा तसला नव्हे :) या अध्यायात तीन दाखले आहेत. शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं आणि दोनातला एक मुलगा. हरवलेल्याचं प्रमाण एक टक्का, दहा टक्के, मग थेट पन्नास.

आमच्या धंद्यात शंभर टेस्टकेसपैकी नव्व्याण्णव पास झाल्या की उरलेली एक 'नोन इश्यू' म्हणून लिहून ठेवतात आणि रिलीज करतात. त्यामुळं मला हा मेंढपाळ नेहमीच अव्यवहारी वाटत आलाय. पण दाखला कोणासमोर सांगितला ते पाहिलं की गोष्ट बदलते. येशू जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवतो, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करत होते. त्या कुरकुरीला दिलेलं हे उत्तर आहे.

आता हा जकातदार म्हणजे कोण? रोमन अमलाखाली जकातीचे मक्ते दिले जात. ठरलेली रक्कम वर भरायची, त्याहून जास्त जे पिळून काढाल ते आपलं. आपल्याकडं दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अशाच इजाऱ्यानं दिल्या जात आणि इजारदार रयतेला सोलून काढत. असा माणूस पंगतीला आला तर गाव कुरकुरणारच. म्हणजे कुरकुरणारे सगळे दुष्ट नव्हते, त्यांचं खरोखर नुकसान झालेलं होतं. हे लक्षात घेतलं नाही तर दाखला फारच गोड होऊन बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मेंढरू काहीच करत नाही. ते पश्चात्ताप करत नाही, वाट शोधत नाही. धनी जातो, खांद्यावर घेतो, घेऊन येतो. तिसऱ्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्रानं 'मला चाकर म्हणून ठेवा' असं वाक्य पाठ केलेलं असतं. पण बाप आधीच धावत जाऊन त्याला मिठी मारतो, आणि चाकरीचं वाक्य मुलाच्या तोंडातच राहतं. आधी सापडणं, सुधारणं मागाहून. आपला नेहमीचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो: आधी सुधार, मग घरात ये.

हा उलटा क्रम अंगावर घेतलेलं माणूस आपल्याच पुणे जिल्ह्यात होऊन गेलं, पंडिता रमाबाई. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात जोगिणी 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या बायकांसाठी आश्रम चालवत, तो त्यांनी पाहिला. अशा बायकांसाठी काही करायचं असतं हेच तिथं पहिल्यांदा कळलं, असं त्यांनी पुढं 1907 च्या आत्मनिवेदनात लिहिलंय. तुम्ही हे का करता, असं विचारल्यावर एका जोगिणीनं त्यांना योहानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी, त्यात परक्या जातीची बाई. येशू विहिरीवर तिच्याकडंच प्यायला पाणी मागतो. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात पुढं काय वादळ उठलं ते ठाऊक आहेच, आणि आश्रमातल्या मुलींच्या धर्मांतराबद्दलचे आक्षेप हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते 1896-97 च्या दुष्काळातलं काम. तेव्हा रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे विधवा-मुलींना घेऊन आल्या. येतील त्यांना आश्रय, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत, शोधायला गेल्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली होती, त्यांच्यासाठी कोणी आलं नव्हतं. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 'पतित' बायकांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. नाव सुधारगृह नाही, कृपासदन.

असो. आता मूळ मुद्दा. त्या वीकांताला गावी जायचं कारण मेंढ्या नव्हत्या. माझा धाकटा चुलतभाऊ सहा वर्षांनी घरी आला होता. जाण्याआधी त्यानं वाटणीचे पैसे पत्त्यांत घालवले, वर काकांच्या नावावर उसने घेतले. ते फेडायला काकूनं डाग मोडले आणि उरलेले हप्ते माझ्या पगारातून गेले. माझं लग्न त्यामुळं दोन वर्षं लांबलं. आणि आल्या दिवशी काकूनं त्याला पुरणपोळी केली. तसं बघितलं तर मी नव्व्याण्णवातला.

दाखल्यातही थोरला भाऊ आहे. गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून तो रागावतो आणि आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो: तू नेहमी माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते तुझंच आहे. गंमत म्हणजे तो पुढं आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही. गोष्ट अंगणातच संपते. कुरकुरणाऱ्यांसाठी सांगितलेल्या गोष्टीचा शेवट कुरकुरणाऱ्यांवर सोडून दिलाय.

धनगरबाबांचं उत्तरही मला उशिरानं कळलं. एकाच्या मागं जाता येतं, कारण वाघरीपाशी कोणीतरी जागं असतं. त्या जाग्या माणसांचा दाखल्यात उल्लेख नाही, पण काकू पोळी करू शकली ती हप्ते भरले गेले म्हणून. तेवढं श्रेय मी स्वतःला घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्यानं बरंही वाटलं.

रात्री ओट्यावर बसलो होतो. काकूनं जेवायला दोनदा हाक मारली. तिसरी यायच्या आत उठलो. त्याच्या शेजारी बसलो नाही, समोर बसलो. आमटी त्यानं वाढली. पैशांचं तोही बोलला नाही, मीही नाही. तो हिशेब मी अजून सोडलेला नाही, पण जेवलो.