मीठ, मोह आणि कोयता : नंदुरबारच्या रक्तदाबाचा पूर्वेतिहास

चाळिशीच्या आत रक्तदाब वाढण्याची कारणे वैद्यकाच्या पुस्तकांत ठरलेली आहेत : जेवणातले जास्तीचे मीठ, दारू, तंबाखू, वाढलेले वजन, बैठे काम, अपुरी झोप, घराण्यातला आजार आणि जन्मतः कमी भरलेले वजन. शहरातल्या तरुणाला आधी वजन आणि बैठे काम यांबद्दल विचारले जाते. नंदुरबार जिल्ह्यात हा क्रम फारसा उपयोगाचा नाही. येथील बहुसंख्य तरुण अंगमेहनत करतात आणि अंगाने किरकोळ असतात. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तीत सुमारे ६९ टक्के आदिवासी होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी ही त्यांतली ठळक नावे. आदिवासी माणूस काटक, त्याला कसला रक्तदाब, अशी समजूत बरीच वर्षे चालली. महाराष्ट्रासह नऊ राज्यांतील आदिवासींची पोषणविषयक पाहणी २००७ ते २००९ या काळात झाली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. वाढत्या वयाबरोबरच दारू आणि तंबाखू यांचाही त्याच्याशी संबंध दिसला. पुस्तकातली कारणे येथेही लागू आहेतच. फक्त त्यांतले प्रत्येक कारण या मुलखात वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी आले.

मीठ सुरतेच्या बाजूने आले. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर या वाटेने. नवापूरचा बारीक, कस्तुरीच्या वासाचा तांदूळ त्याला इतका आवडला, की त्याने त्याची मुद्दाम नोंद केली. बैलांच्या पाठीवर माल वाहणाऱ्या तांड्यांचेही वर्णन त्याने केले आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे हे तांडे. त्यांच्या चार शाखा आणि त्यांतली एक केवळ मीठ वाहणारी. तापीकाठच्या बाजारगावांत अशा रीतीने मीठ पोहोचत असले, तरी सातपुडा चढून अक्राणीच्या पाड्यांपर्यंत जाताना ते महाग होई. चारोळी, डिंक असा रानातला माल व्यापाऱ्याला द्यायचा आणि बदल्यात मीठ घ्यायचे, हा आदिवासी पट्ट्यांतला जुना व्यवहार. त्यात तोल कोणाच्या बाजूला झुकलेला असे, हे सांगायला नको. अशी महाग वस्तू हात राखूनच वापरली जाते. ज्वारी-मक्याची भाकरी, मोर नावाचे बारीक धान्य, उडीद-तूर, आंबाडी आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या या जेवणात सोडियम थोडे आणि पोटॅशियम भरपूर. रक्तदाबाच्या दृष्टीने ही जोडी उत्तमच.

इंग्रजी अमदानीत मिठावरचा कर १८८२ मध्ये मणाला दोन रुपये असा ठरला आणि १८८८ मध्ये तो अडीच रुपयांवर गेला. कर गरिबाच्या जिवावर होता, पण त्याने मिठाचा हातही आखडता ठेवला. इतिहासात असे विपरीत योग असतात. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे नंदुरबारवरून धावू लागली, बैलांचे तांडे मागे पडले आणि १९४७ मध्ये मिठावरचा करही गेला. मीठ दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू बनले. योगायोग असा, की जास्त मीठ आणि चढा रक्तदाब यांचा संबंध पॅरिसमधील अँबार आणि बोजार या दोघा डॉक्टरांनी १९०४ मध्ये, म्हणजे रेल्वे आल्यानंतर अवघ्या काही वर्षांत, मांडला. पुढे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या बहुदेशीय अभ्यासात ब्राझीलच्या जंगलातले, मीठ जवळपास न खाणारे यानोमामी लोक होते. त्यांचा रक्तदाब वयानुसार वाढतच नव्हता.

नंदुरबारच्या ताटात मिठाला जोडीदार मिळाला तो मिरचीचा. हंगामात शहराभोवतालच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. मजूर बाया तोंडाला फडके बांधून ती उलथतात, देठ काढतात, आणि खाट रस्त्यापर्यंत येतो. मिरचीने रक्तदाब वाढत नाही. पण तिखट मिरची मीठ ओढते. लाल मिरची, लसूण आणि मीठ पाट्यावर वाटले, की त्या गोळ्यावर दोन भाकरी जातात. डाळ महागली आणि रानभाजीचे रान दूर गेले, की ताटात उरते ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून लहान चमचाभर. मजुराच्या शिदोरीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. घामावाटे मीठ जाते, म्हणून मजुराने ते जास्त खावे, हा समज या हिशेबाच्या आड येतो. कष्टाची सवय झालेले शरीर घामातले मीठ बरेचसे राखून ठेवते.

दारूचा इतिहास मिठापेक्षा गुंतागुंतीचा आहे. मोहाची फुले उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे गळतात. ती वेचून वाळवायची, पाण्यात काही दिवस भिजवून आंबवायची, मडक्यात घालून चुलीवर चढवायची आणि वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात नेऊन थंड करायची, अशी ही घरगुती भट्टी. पहिली धार जमिनीवर सोडून देवांना आणि पूर्वजांना दिल्याखेरीज ती पीत नसत. लग्न ठरवणे, पंचांचा निवाडा, याहा मोगी देवीची पूजा, होळी या प्रत्येकात तिला स्थान होते. फुले संपली, की दारूही बेताची होई. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने ही घडी मोडली. घरची भट्टी गुन्हा ठरली, मक्तेदाराचे दुकान कायदेशीर झाले. आता दारू रोख पैशाने किंवा उधारीने घ्यायची. सणाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. कधीमधी पिणारा समाज रोज पिण्याकडे वळण्यात या बदलाचा वाटा मोठा आहे.

त्यावर पहिला मोठा प्रतिकार १९२२ मध्ये दिसला. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट डांग आणि सुरतेच्या आदिवासी भागांत पसरली. अंगात आलेली देवी दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूविक्रेत्याकडे काम करू नका, असे सांगत असे. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर १९८७ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. नंदुरबारच्या स्वतःच्या मातीतली चळवळ त्यानंतर उभी राहिली ती तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांची. १९३० च्या दशकात त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, दारू प्यायची नाही, चोरी करायची नाही, स्वच्छ राहायचे, ही त्यांची शिकवण. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सगळीच दारू बेकायदा ठरवली. भट्ट्या नाल्यात आणि रानात गेल्या, नवसागर टाकून काढलेली विषारी दारू विकली जाऊ लागली. याच सुमारास शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी मोठ्या शेतकऱ्यांकडे जात होत्या. त्याविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांनी लोक उभे केले, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात संघटनेतल्या बायकांनी दारूचा प्रश्न स्वतःच्या हाती घेतला. गावोगाव जाऊन त्यांनी गुत्ते फोडले, मडकी रस्त्यावर आपटली आणि पिऊन बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्याच वेळी सरकार उलट दिशेने निघाले होते. १९७३ मध्ये महाराष्ट्रात देशी दारूचे नियम झाले आणि परवान्याची बाटली बाजारात आली. मोहफुलावरचे निर्बंध उठायला मात्र २०२१ उजाडले.

या चळवळींत रक्तदाब हा शब्द कुठेही नव्हता. प्रश्न अब्रूचा होता, मजुरीच्या पैशाचा होता, मारहाणीचा होता. रोज पिणाऱ्यांचा रक्तदाब चढा असतो, हे फ्रेंच डॉक्टर कामीय लियाँ यांनी सैनिकांच्या तपासणीवरून १९१५ मध्येच मांडले होते. पण ते सातपुड्यापर्यंत पोहोचण्याचा संभव नव्हता. तरीही तरुणांचे रोजचे पिणे कमी करण्यात मोरवडच्या आरतीने आणि शहाद्याच्या बायकांनी जे केले, त्याच्या तोडीचे काम आरोग्य खात्याच्या नावावर सापडणे कठीण आहे. तंबाखूविरुद्ध मात्र अशी चळवळ झाली नाही. टेंभुर्णीच्या पानाची विडी आणि तळहातावर मळलेला चुना-तंबाखू यांना कोणी व्यसन मानलेच नाही. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, तोवर तो पाड्यावरच्या टपरीत रुळला होता.

कोयता हा या कथेतला सर्वांत अलीकडचा भाग. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला आणि दक्षिण गुजरातेत उसाचे क्षेत्र वाढत गेले. तोडीला माणसे लागली ती खानदेशातून. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या स्थलांतराचे बारकाईने वर्णन केले. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर टोळीबरोबर निघायचे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवसा तोड, रात्री केव्हाही ट्रक आला की उठून मोळ्या भरायच्या. हंगामभर सलग झोप अशी मिळत नाही. खोपटात शिजते ती हंगामी शिध्याच्या ज्वारीची भाकरी, बरोबर मीठ-मिरची. हिशेब शेवटी होतो आणि उचल फिटली नाही, तर पुढचे वर्ष आधीच बांधले जाते. तुटक झोप, कर्जाचा ताण, दारू आणि खारट-कोरडे जेवण यांची मोट विशी-पंचविशीतच बांधली जाते. सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठच्या गावांची जी कुटुंबे तळोदा-शहाद्याकडे वसाहतींत आली, त्यांच्यासाठी बदल वेगळा होता. नदीतली मासळी आणि रान सुटले आणि किराणा दुकान जवळ आले.

या सगळ्याच्याही आधीचे कारण आईच्या पोटात घडते. ब्रिटिश वैद्य डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकाअखेर दाखवून दिले, की कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे रक्तदाब आणि हृदयविकार जास्त जडतात. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या जन्मापूर्वीच ठरते; आई अर्धपोटी असेल, तर बाळाच्या वाट्याला त्या कमी येतात आणि जास्तीचे मीठ बाहेर टाकण्याची ताकद आयुष्यभर उणी राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले, तर इंग्लंडमध्ये ते ३.५ किलो होते. धडगाव, अक्कलकुवा ही नावे महाराष्ट्रात गेली काही दशके कुपोषणाच्या बातम्यांतूनच वाचली जातात. त्या बातम्यांतली जी मुले वाचली, ती आज विशीत आहेत.

रक्तदाब मोजण्याचे साधन मात्र या मुलखात उशिराच पोहोचले. हाताला पट्टा बांधून तो मोजण्याची इटालियन रीवा-रोची यांची युक्ती १८९६ ची आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची रशियन कोरोत्कोव्ह यांची पद्धत १९०५ ची. गावपातळीवर सरसकट तपासणी सुरू झाली ती गेल्या दशकात, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात तिची वयोमर्यादा तीस वर्षे आणि पुढे अशी ठेवली गेली. कोयत्यावर जाणारी बरीच जोडपी तिशीच्या आतली असतात, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती गुजरातेत असतात.