कळ, ठणका आणि अवेदना

नवी मुंबईतल्या उलव्याच्या दवाखान्यांत संध्याकाळी ऐकू येणारी मराठी एकसारखी नसते. मोरावे, वहाळ, गव्हाणकडची आगरी आजी ‘पोटान कल येते’ म्हणते. तिच्या बोलीत ळ चा ल होतो. घाटावरून इथे राहायला आलेल्याच्या कमरेत सणक मारते, कुणाची पाठ उसण भरल्याने धरते. इमारतींत वाढलेली मुलं मात्र ‘पेन होतंय’ म्हणून थांबतात. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न सगळ्यांना एकच : कसं दुखतंय?

ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर पट्टीवर कळते. दुखणं मोजायचं तर दुखणाऱ्याचा शब्दच हाताशी असतो. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने कॅनडात १९७५ साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण वापरतात तसे ७८ शब्द त्याने २० गटांत लावले होते. आपल्या आज्यांपाशी अशी यादी होतीच, फक्त ती कुणी कागदावर मांडली नव्हती.

कळ येते आणि जाते. मूतखडा सरकताना मूत्रनलिका आवळते, मुरड्यात आतडं आवळतं, तेव्हा दुखणं लाटेसारखं चढतं नि ओसरतं. म्हणून आपण ‘कळा येतात’ असं अनेकवचनात बोलतो. ठणक्याची जात वेगळी. ठण हा आवाजच त्यात आहे. पिकलेलं गळू किंवा किडलेला दात नाडीच्या ठोक्यागणिक ठणकतो, कारण सुजेला पसरायला जागा नसते. चरचर, जळजळ, मुंग्या हे शब्द आले की डॉक्टर सावध होतात. मधुमेहात तळपायांची आग होते तेव्हा बहुधा मज्जातंतूच दुखावलेला असतो. तिथे नेहमीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. मूळची फिटवर किंवा नैराश्यावर वापरली जाणारी औषधं द्यावी लागतात. म्हणजे रुग्णाच्या तोंडचा शब्द थेट चिठ्ठीवरच्या औषधापर्यंत पोहोचतो.

शूळ हे तर हत्यार. त्रिशुळातला शूळ, सुळावर चढवण्यातला सूळ आणि पोटशूळ हे एकाच घरचे. सुश्रुतसंहितेने नावाचं कारणही दिलं आहे : खुंटा ठोकल्यासारखी तीव्र वेदना, म्हणून शूल. अर्धशिशी म्हणजे अर्धं शीर्ष. ग्रीकांनीही ‘अर्धी कवटी’ अशा अर्थाचा हेमिक्रेनिया शब्द केला आणि तोच झिजत झिजत मायग्रेन झाला. एकमेकांना न विचारता दोन्हीकडच्या लोकांनी निम्म्या डोक्यावर बोट ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वेदना शब्दाच्या मुळाशी ‘विद्’ हा धातू आहे, अर्थ जाणणे. जुन्या भाषेत, विशेषतः बौद्ध विचारात, सुखाची जाणीवसुद्धा वेदनाच होती. प्राकृतात त्याचं वेअणा झालं आणि मराठीत वेणा. बाळंतिणीच्या वेणा त्या ह्याच. वेदना अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली व्याख्या केली तेव्हा वेदनेला ‘अनुभव’च म्हटलं. २०२० साली त्या व्याख्येच्या जोडीला स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. तपासण्या ‘नॉर्मल’ आल्या म्हणून ज्यांना ‘काही झालेलं नाही’ असं सांगून घरी धाडलं जातं, त्यांच्यासाठी हे वाक्य फार मोलाचं आहे.

दुखणं थांबवण्याचे शब्दही बघावेत. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली. इंग्रजीने त्या अवस्थेला संवेदना नसण्याचं नाव दिलं. मराठीने म्हटलं भूल. भुलणं, रानभूल यांतली ती भूल. भूलतज्ज्ञ हा आपल्या वैद्यकातला मला सर्वांत सुंदर वाटणारा शब्द आहे. बधिरचा मूळ अर्थ ऐकू न येणारा; तोच झिजून बहिरा झाला. बहिरा कानापाशी राहिला, बधिर मात्र दाताच्या इंजेक्शनपर्यंत आला.

आणि अवेदना. टाटा रुग्णालयातले कर्करोगशल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, सुरू केलं, त्याच्या नावातच हा शब्द ठेवला : शांती अवेदना. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. साध्या गोळ्या पहिल्या पायरीवर, मॉर्फिन वरच्या. पण आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. परवान्यांच्या जाचात मॉर्फिन मिळणं मुश्कील झालं आणि पुढे कितीतरी वर्षं रुग्ण विनाकारण तळमळले. कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ साली. आजही मॉर्फिनचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात. डॉक्टरांच्या देखरेखीत, बेतशीर मात्रेत ते औषधच आहे, हे घरोघर पोहोचायला हवं.

तेव्हा पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ‘पेन’वर थांबू नका. ठणकतंय, चरचरतंय, ठसठसतंय की कळा येतायत ते सांगा. आणि आजीला घेऊन गेलात तर तिचं वाक्य तिलाच बोलू द्या. मध्ये पडून ते सोपं करून सांगू नका.