नावं दोन, माणूस एक

रत्नागिरीहून किनाऱ्याने गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारे लागतं. नावं दोन, किनारेही दोन. हिशोब चोख!

ऑनलाइन गेममध्ये मात्र नावं दोन, माणूस एकच. १९९६ च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट २' मधले दोन पट्टीचे खेळाडू दिसले की समोरचे पळ काढत. मग त्यांनी 'पापास्मर्फ' आणि 'स्मर्फेट' ही नावं घेतली. तेव्हापासून हा प्रकार झाला 'स्मर्फिंग'.

तेव्हा ती गंमत होती. आज जोड्या गुणांवरून लागतात, त्यामुळे नव्या खात्यातला उस्ताद नवख्यांच्या पंगतीत बसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वॉल्व्हने 'डोटा २' ची अशी ९०,००० खाती बंद केली, मूळ खात्यांचा माग काढून.

तक्रार जरूर करा. पण तक्रार म्हणजे पुरावा नव्हे... समोरचा खरंच हुशार नवखा असला तर?