पाखरू कोणाचे, पीक कोणाचे

जमिनीचे जुने कायदे वाचताना मला एक सवय लागली आहे. कलमाचा मुख्य मजकूर सोडून आधी त्यातल्या अटी पाहायच्या. कायदा करणाऱ्यांची खरी ओढाताण तिथे दिसते. इंग्लंडमधला 1906 चा शेतजमिनीचा कायदा वाचताना अशाच एका अटीपाशी मी थांबलो. शिकारीच्या पाखरांनी कुळाच्या पिकाची नासाडी केली तर जमीनमालकाने भरपाई द्यावी, असे तो कायदा सांगतो. अट अशी की, ती पाखरे मारण्याची लेखी परवानगी कुळाजवळ नसावी.

लेखी परवानगी! ज्वारीचे कणीस दाण्याने भरू लागले की माळ्यावर उभे राहायचे, गोफण फिरवायची, डबा बडवायचा, हे आपल्याकडे शेतीचेच एक काम. शेत स्वतःचे असो की खंडाने घेतलेले, राखणीसाठी कोणी मालकाची चिठ्ठी मागितल्याचे मी ऐकलेले नाही. उलट राखण न करणाऱ्या कुळालाच मालक बोल लावील. मग डोळ्यांदेखत पीक खाणारे पाखरू मारण्यासाठी इंग्रज कुळाला कागद का लागावा? या प्रश्नाचा माग काढता काढता मी तीन-चारशे वर्षे मागे गेलो.

सोळाव्या शतकात तिथले चित्र वेगळे होते. 1566 मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, धान्यरक्षणाचा एक कायदा झाला. कावळे, रूक, मॅगपाय यांची मुंडकी आणून द्यायची आणि गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, अशी त्यात सोय होती. तीन मोठ्या कावळ्यांना एक पेनी, बारा साळुंकीवर्गीय स्टार्लिंगांनाही एक पेनी. फळझाडांच्या कळ्या खाणाऱ्या बुलफिंचच्या मात्र एकेका डोक्याला एक पेनी. हा खर्च गावकऱ्यांकडून गोळा होई. पाखरू हा साऱ्या गावाचा शत्रू होता, आणि त्याला मारणाऱ्याला गावच दाम देत होते.

पण सगळी पाखरे या यादीत नव्हती. तित्तिर आणि फेझंट दाणे खात नाहीत असे नव्हे, पण ते साहेबाच्या ताटातले आणि त्याच्या करमणुकीचे पक्षी. 1671 च्या कायद्याने त्यांची शिकार करायला मालमत्तेची पात्रता लावली. वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन हवी, किंवा नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याची दीडशे पौंड उत्पन्नाची. ज्याच्या शेतात तित्तिर चरतो तो कसणारा बहुधा या पात्रतेत बसतच नसे. म्हणजे एकाच बांधावर दोन पाखरे बसलेली असत. कावळा मारला तर बक्षीस, तित्तिर मारला तर शिक्षा. दाणे दोघेही एकाच पिकातले टिपत.

1831 मध्ये ही पात्रता रद्द झाली. दाखला घेतला की कोणालाही शिकार करता येऊ लागली. आता प्रश्न उरला तो जमिनीवरच्या हक्काचा. कबुलायतीत काही लिहिले नसेल तर तो हक्क जमीन कसणाऱ्या कुळाकडे जाई. वाचताना वाटते, सुटला बिचारा. पण कबुलायत लिहायची कोणी? मालकाच्या वकिलाने. शिकारीचा हक्क मालकाने स्वतःकडे राखून ठेवला आहे, अशी एक ओळ त्यात टाकली की काम झाले. कायद्याने एका हाताने दिलेले कबुलायतीने दुसऱ्या हाताने काढून घेतले. पुढे हे राखून ठेवलेले हक्क शहरातल्या पैसेवाल्यांना भाड्याने देण्याची रीत वाढली. एकाच शेताची दोन भाडी येऊ लागली, एक पिकासाठी आणि एक बंदुकीसाठी. या दोन भाडेकऱ्यांचे हित एकमेकांच्या आड येई, आणि नुकसान सोसायचे ते नांगर धरणाऱ्याने.

जॉन ब्राइट यांच्या मागणीवरून 1845 मध्ये पार्लमेंटने शिकार कायद्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तरी तक्रार उघड करणे कुळाला सोपे नव्हते. 1872 पर्यंत तिथे मतदान गुप्त नव्हते. मालकाच्या विरोधात मत दिले तरी ते त्याला कळायचे, आणि खंडाची मुदत वाढवायची की नाही हे त्याच्याच हातात.

खाडीपलीकडे फ्रान्समध्ये हा हिशेब आधीच चुकता झाला होता, आणि तोही एका घाईच्या रात्री. तिथे पारव्यांचे मोठे मनोरे बांधण्याचा मान सरदार-जमीनदारांचा. पारवे त्यांचे, खत त्यांना, मांस त्यांना. पारव्यांनी चरायचे मात्र रयतेच्या शेतात. पेरणीत बी उचलायचे, कापणीत कणसे. 1789 मध्ये गावोगावच्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत या पारव्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. 4 ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, आणि त्यातून निघालेल्या हुकुमाचे दुसरेच कलम पारव्यांचे होते. मनोऱ्याचा खास हक्क रद्द. गावाने ठरवलेल्या काळात पारवे कोंडून ठेवायचे. त्या काळात ते बाहेर दिसले तर ती शिकार समजायची, आणि आपल्या जमिनीवर त्यांना मारायची प्रत्येकाला मुभा.

पण ‘आपली जमीन’ म्हणजे कोणाची? मालकाची की कसणाऱ्याची? ही फट पुढच्या वर्षी काही अंशी बुजली. एप्रिल 1790 च्या कायद्याने उभ्या पिकातली शिकारीची जनावरे-पाखरे जाळ्यांनी किंवा पिकाला धक्का न लावणाऱ्या साधनांनी मारण्याची मोकळीक मालकाला आणि ताबेदाराला दिली, आणि पुढे जोडले: खंडकऱ्यालासुद्धा. त्या ‘सुद्धा’पाशी मी बराच वेळ थांबलो. क्रांती करणाऱ्यांनाही खंडकऱ्याचे नाव वेगळे काढून लिहावे लागले. न लिहिते तर त्याला कोणी धरले नसते. आणि लिहिले तेही जाळ्यापुरते. बंदूक चालवायची मुभा त्या कलमात होती ती पिकात घुसणाऱ्या रानटी जनावरांना हुसकावण्यापुरती.

इंग्लंडमध्ये कुळाचे नाव कायद्यात यायला 1880 उजाडले. ग्लॅडस्टन यांच्या सरकारने ससे आणि रानससे मारण्याचा हक्क कुळाला दिला. तो मालकाच्या हक्काच्या जोडीने चालणारा होता, पण कुळाकडून कोणाला काढून घेता येणारा नव्हता. कुळाने कबुलायतीत तो सोडून दिला असला तरी तो करार रद्दबातल. यातही हात आखडता होताच: बंदूक चालवायची ती कुळाने स्वतः आणि त्याने लेखी नेमलेल्या फक्त एका माणसाने. आणि पाखरे? ती या कायद्यात आलीच नाहीत. जमिनीवर पळणारे कुळाला मिळाले, उडणारे मालकाकडे राहिले.

या पार्श्वभूमीवर 1906 ची अट वाचली की तिचा अर्थ उलगडतो. फेझंट, तित्तिर, ग्राउज यांच्यावरचा हक्क मालकाकडून काढून घेण्याची तयारी नव्हती. म्हणून कायद्याने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. पाखरे तुला हवीत? ठेव, पण कुळाच्या नुकसानीचे पैसे मोज. पैसे नकोत? मग कुळाला लेखी परवानगी दे, म्हणजे तो आपले पीक आपण राखील. भरपाई नाकारणारा करार इथेही रद्दबातल होता. कुळाच्या वाटेत काटे होतेच. नुकसान एकरी एक शिलिंगहून जास्त हवे. नुकसान दिसताच मालकाला लेखी कळवायचे आणि कापणीपूर्वी त्याला शेत पाहू द्यायचे. तरीही मला हे कलम मोलाचे वाटते. मालकाच्या हौसेला किंमत असते आणि ती कुळाच्या ताटातून वसूल करता येत नाही, एवढे तरी त्यात मान्य झाले होते.

शिकारीत न मोडणाऱ्या, निव्वळ उपद्रवी पाखरांचा निकाल 1954 च्या पक्षीसंरक्षण कायद्यात लागला. रानपारवा, रूक, चिमणी अशी यादी करून, जमिनीचा मालक किंवा ताबेदार किंवा त्या दोघांपैकी कोणी अधिकार दिलेला माणूस त्यांना मारू शकेल, असे ठरले. इथे कुळाचा शब्द मालकाच्या बरोबरीचा झाला. 1981 च्या कायद्यानेही हाच शब्दप्रयोग ठेवला, पण ताबेदार म्हणजे शिकारीचा हक्क असलेला माणूससुद्धा, अशी व्याख्या केली. बंदुकीचे भाडे भरणारा तो जुना पाहुणा पुन्हा शेताच्या ताबेदारांत येऊन बसला. पुढे ही मोकळीक सरकारी सर्वसाधारण परवान्यांखाली आली. पक्षीप्रेमींनी या परवान्यांना कायदेशीर आव्हान दिले, आणि 2019 च्या एप्रिलमध्ये सोळा जातींबद्दलचे तीन परवाने सरकारी यंत्रणेला एकदम मागे घ्यावे लागले. ऐन हंगामात शेतकरी गोंधळले; काही आठवड्यांत नवे परवाने निघाले. आता पाखराच्या बाजूनेही बोलणारे कोणी उभे राहिले होते, आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मारण्याआधी दुसरे उपाय करून पाहिलेत का, हा साधा प्रश्न होता.

आपल्याकडे हा प्रश्न दोन कायद्यांत वाटला गेला आहे. 1959 चा शस्त्र कायदा खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायला सांगतो. कोकणात आणि गोव्यात अशा बंदुका अजून घराघरांत आहेत, आणि निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायची धावपळ होते. मारायचे काय, ते 1972 चा वन्यजीव कायदा ठरवतो. त्यात कावळ्याला उंदीर-वटवाघळांसोबत उपद्रवी अनुसूचीत टाकले होते. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली. ज्वारी-बाजरीचा मोठा चोर जो पोपट, तो संरक्षित. म्हणजे आपल्याकडे परवानगी मालकाकडे नव्हे, सरकारकडे मागायची. पोपटाला गोळी घालता येऊ नये, हे मला मान्यच आहे. गोफणीचा दगडही त्याला न लागता नुसता भिरभिरत गेला तर बरे.

मला खटकते ते वेगळेच. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी मुंबई राज्यातली कुळे जमिनीची मालक झाली असे कायद्याने मानले. त्यानंतर कूळ लागेल या धास्तीने मालकांनी जमीन कागदावर खंडाने देणेच टाळले. आज बटाईने शेत करणाऱ्याचा व्यवहार बहुधा तोंडी असतो. सातबाऱ्यावर नाव मालकाचे. नुकसानीचा पंचनामा झाला तरी पैसे त्या नावावर जातात, आणि त्यातले बटाईदाराला किती द्यायचे ते मालकाच्या मनावर. 1906 च्या त्या इंग्रज कुळाला निदान विचारता येत होते: परवानगी देता की भरपाई देता? आपल्या बटाईदाराने हे कोणता कागद पुढे करून विचारायचे? त्याच्याजवळ आहे ती गोफण, आणि पहाटे पाखरे उतरायच्या आत माळ्यावर चढायची सवय.